नानांच्या बरणीतल्या सुपाऱ्या

आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक चिनी मातीची बरणी असे. तिच्यात लोणचं नव्हतं की मुरांबा नव्हता. सुपाऱ्या होत्या, अख्ख्या, न फोडलेल्या. किडू नयेत म्हणून आई त्यांत लवंगा टाकायची आणि वर्षातून एकदा त्या सुपात पसरून उन्हात ठेवायची. पाहुणा जेवून उठला आणि तोंडात टाकायला काही मागू लागला तर त्याला बडीशेप मिळे, पण त्या बरणीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. माझे वडील, म्हणजे नाना, त्या गावाचे डॉक्टर होते आणि गाव त्यांना दर अखाजीच्या सणाला एक सुपारी देत असे. मी सांगते आहे त्या वर्षी बरणीत तेवीस सुपाऱ्या होत्या, कारण नानांना त्या गावात तेवीस वर्षं झाली होती.

गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी ते केलं ते सगळे गेले, पण त्यांचे नातू आहेत आणि त्यांतले दोघे मला दिवाळीला फोन करतात. तापीकाठचं, गुजर शेतकऱ्यांचं, कापूस-केळीचं गाव, एवढं पुरे. शहाद्याच्या एसटी स्टँडवर उतरायचं आणि तिथून बैलगाडीनं धूळ खात यायचं. नाना मूळचे तिथले नव्हते. त्या काळातली छोटी डॉक्टरकी शिकून ते आले तेव्हा गावानं त्यांना पुढे दवाखान्याची खोली आणि मागे दोन खोल्यांचं घर दिलं. सुगी झाली की घरोघरचे दाणे येत, रोज दूध येई, पावसाळ्याआधी सरपणाची गाडी येऊन पडे. नाना म्हणायचे, "हे प्रेम आहे, सुमन. डिग्रीनं मिळत नाही हे." नानांना आपल्याविषयी बोलायला फार आवडे.

आमच्या घराचे आवाज मला अजून झोपेत ऐकू येतात. सकाळी स्टोव्हचा फरफराट आणि पातेल्यात उकळत्या पाण्यात सिरिंज एकमेकींवर आपटल्याचा किणकिणाट. मग खलबत्ता. मग बाहेरच्या ओट्यावरचं खोकणं, कण्हणं, पोरांचं रडणं, आणि त्या सगळ्यावर नानांचा आवाज. नाना रोग्यांवर ओरडत. "मरायला आलास का? आधी मरायचं, मग यायचं!" असं ते तापानं फणफणलेल्या माणसाला म्हणत आणि लोक ते कौतुकानं सांगत. औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचं काम मात्र ते कुणाला देत नसत. घरात पुस्तकी मराठी बोलायची हा त्यांचा कायदा होता. मी बाहेर मैत्रिणींशी अहिराणीत कडाकडा भांडून यायची आणि उंबरा ओलांडला की 'होय नाना, नाही नाना' करायची. एकदा जेवताना माझ्या तोंडून 'नही' निघालं तर त्यांनी माझं ताट उचलून आत नेऊन ठेवलं होतं. आत आईनं कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा दिला नसता तर मी उपाशीच झोपले असते.

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात दिवाळी तिच्यापुढे फिकी. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांसाठी पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. आई चुलीवरच्या पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे करायची, हातावर फिरवत फिरवत एवढे मोठे की खापर झाकून जाई. आमरस, कुरडया, सांजोऱ्या. आणि सकाळी उन्हं वर आली की गावचे मोठे शेतकरी दगाबाबा चारपाच जाणत्यांना घेऊन पितळी तबक हातात धरून आमच्या ओट्यावर येत. तबकात नारळ, धोतर आणि सुपारी. नाना त्या दिवशी वैशाखाच्या उन्हात काळा कोट घालत. सुपारी हातात पडली की ते भाषण करत. "ग्रामस्थ बंधूंनो" अशी सुरुवात असे. मंडळी मान हलवत ऐकत, मांडे खात आणि जात. नाना सुपारी कपाळाला लावून आईकडे देत, आई ती बरणीत टाकी.

मी अकरा वर्षांची असताना एका अखाजीला पहाटेच दगाबाबांच्या वाड्याकडे गेले होते. त्यांची नात कमल माझी मैत्रीण, तिच्या अंगणात झोका बांधायचा होता. ओसरीवर दगाबाबा बसले होते आणि त्यांचे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेले गडी, ओळीनं समोर उभे होते. अखाजीला सालदाराचं साल संपतं आणि नवं साल लागतं. ज्याला पुढच्या सालाला ठेवायचं त्याला नारळ, धोतर आणि सुपारी. ज्याला ठेवायचं नाही त्याला नारळ आणि धोतर, पण सुपारी नाही. कुणी काही बोलत नाही. सुपारी आली नाही की गडी समजतो, वाकून पाया पडतो आणि बायकोला गाठोडं बांधायला सांगतो. त्या दिवशी हिरामण नावाच्या सालदाराला सुपारी मिळाली आणि तो हसला. मग दगाबाबांनी तेच तबक पुसलं, त्यात नवा नारळ, नवं धोतर आणि सुपारी ठेवली आणि म्हणाले, "चाला, आते डागतर ऱ्हायना."

मी झोक्याची दोरी हातात धरून तशीच उभी राहिले. घरी आले तर नाना कोट घालून भाषण करत होते. दगाबाबा मान हलवत होते. मी कुणाला काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला दुःख झालं नव्हतं, गंमत वाटली होती. माझं ताट उचलणाऱ्या माणसाविषयी मला असं काही माहीत होतं जे त्याला माहीत नव्हतं. पाच वर्षं ते मी जिभेखाली लिमलेटच्या गोळीसारखं धरून ठेवलं.

नानांचे हात थरथरायला लागले ते माझ्या पंधराव्या वर्षी. आधी कागदाच्या पट्ट्या वाकड्या चिकटू लागल्या. मग एका पावरा मजुराच्या पोरीला त्यांनी कुल्ल्यात सुई दिली ती भलतीकडे लागली आणि पोरगी एका पायानं लंगडी झाली. ती माणसं सातपुड्यातली आदिवासी, केळीच्या बागांत कामाला आलेली. गाव काही बोललं नाही. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे सहा महिन्यांनी दगाबाबांच्या नातवाच्या मांडीत सुई पिकली, पू झाला, शहाद्याला नेऊन चिरावं लागलं. आणि आठ दिवसांत गावाला कळलं की डॉक्टर म्हातारे झाले.

दगाबाबा स्वतः आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, पिकाचं बोलले. मग म्हणाले, "डागतरबाबा, तुम्हले आते हातखाले एक जवान मानूस पाहिजे. तुम्हीनच धुंडा. तुम्हना वळखना ऱ्हायना तं बेस व्हई."

नानांना केवढा आनंद झाला! हाताखाली डॉक्टर मिळणार म्हणजे बढतीच की. त्यांनी ओळखीच्या सगळ्यांना पत्रं लिहिली. हात थरथरे म्हणून ती माझ्याकडून लिहून घेतली. 'इकडील लोक अत्यंत कृतज्ञ आहेत,' हे वाक्य प्रत्येक पत्रात होतं. मी पत्रं पेटीत टाकायला निघाले की कमल माझ्यासोबत येई. तिनंच एकदा हसत हसत सांगितलं, "सुमे, तुन्हा नाना कितला भोया शे व! तो हातखाले मानूस धुंडी ऱ्हायना नि गाव डागतर धुंडी ऱ्हायनं." गाव नानांच्या जागी दुसरा शोधतंय हे मला आधीच कळलं होतं. तरी मी घरी येऊन पुढचं पत्र सुवाच्य अक्षरात लिहिलं.

डॉक्टर मिळणं तेव्हाही सोपं नव्हतं. पहिला आला तो बैलगाडीतून उतरायच्या आधीच म्हणाला, "वीज नाही?" आणि त्याच गाडीनं परत गेला. दुसरा रात्रभर राहिला, आईच्या हातचं वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं, नानांबरोबर गावभर हिंडला, 'कळवतो' म्हणाला आणि कधी कळवलं नाही. तिसरा होळीच्या सुमाराला आला आणि राहिला. पंचविशीचा, भांग चापून पाडलेला, मोठी डिग्री घेतलेला. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचा. त्याचा हात दगडासारखा स्थिर होता. पोरं सुई खाऊन रडायचं विसरत.

नानांनी त्याला सगळं शिकवलं. कोणता म्हातारा पोट दुखतं सांगतो पण त्याचं सुनेशी भांडण झालेलं असतं, कोणती बाई दुखणं लपवते, पावरा माणूस डोकं धरून बसला तर त्याला ताप किती असतो. त्याच वेळी चारचौघांत त्याला 'आमचा कंपाउंडर' म्हणून हाक मारायचे. "कंपाउंडर, बाटली धुवा!" लोक हसत. तो बाटली धुवायचा. त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे, आणि मला ते बघून भीती वाटायची.

त्यानंच मला धुळ्याच्या नर्सिंगचा फॉर्म आणून दिला. मी रोग्याला धरते तेव्हा माझे हात हलत नाहीत असं म्हणाला. मी तो फॉर्म भरून, सहीसाठी नानांपुढे ठेवला. दवाखाना भरलेला होता. नानांनी तो वाचला आणि सगळ्यांदेखत टराटरा फाडला. "डॉक्टरची मुलगी लोकांची घाण उपसणार? आपण कोण आहोत हे कळतं का तुला?" मी खाली बसून तुकडे गोळा केले. बाकावरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आपण कोण आहोत हे मला चांगलं कळत होतं. त्या क्षणी मला नानांचा जेवढा राग आला तेवढा नंतर आयुष्यात कुणाचाच आला नाही.

मग अखाजी आली. नानांनी कोट घातला. आईनं पहाटेपासून खापर तापवलं होतं. पण मांडा हातावर फिरवताना ती दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होती. दगाबाबा आणि मंडळी ओट्यावर आली. नानांनी नेहमीसारखा हात पुढे केला. दगाबाबांनी नारळ दिला, धोतर दिलं, आणि म्हणाले, "तब्येत संभाया, बाबा." मग ते एक पाऊल बाजूला सरले. नानांच्या मागे नवा डॉक्टर उभा होता. त्याच्या हातात त्यांनी नारळ, धोतर आणि सुपारी ठेवली.

सगळे नानांकडे बघत होते. सालदार करतो तसं ते वाकतील, निदान मान खाली घालतील, अशी वाट बघत होते. आणि नानांनी टाळ्या वाजवल्या. "ग्रामस्थ बंधूंनो," ते म्हणाले, "आपण आज माझ्या मदतनिसाचाही सत्कार केलात. हे आपल्या मोठ्या मनाला साजेसंच आहे." त्यांनी अख्खं भाषण केलं, नेहमीपेक्षा लांब. मागे दोघे तोंडावर उपरणं धरून हसत होते. कमलचा काका तर खांबाकडे तोंड करून हलत होता. नव्या डॉक्टरनं भाषण संपेपर्यंत सुपारी मुठीत ठेवली, आणि मग नानांच्या समोर ती कोटाच्या खिशात टाकली. कंपाउंडरनं अशी बाटली धुतली. मंडळी आईचे मांडे पोटभर खाऊन गेली. नाना म्हणाले, "माझी सुपारी विसरला दगा. म्हातारा झाला बिचारा."

पुढचे आठ दिवस मला आठवतात तेव्हा आजही अंगावर काटा येतो, आणि माझा काटा नाना बिचारे म्हणून येतो असं कुणी समजू नये. नाना रोज सकाळी दवाखान्यात जाऊन बसत. नवा डॉक्टर त्यांच्या खुर्चीवर बसू लागला होता, म्हणून ते दाराजवळच्या बाकावर बसत. रोगी त्यांच्या पायांवरून ओलांडून आत जात. कुणी वाईट बोललं नाही, हाकललं नाही. त्यांच्या ध्यानात येईल म्हणून गाव नुसतं वाट बघत राहिलं. दूध बंद झालं. आई कोरा चहा करू लागली आणि नाना म्हणाले, "बरं, पोटाला हलका." हिरामण सालदार मागच्या दारी येऊन खालच्या आवाजात आईला म्हणाला, "दगाबाबा पुसस, घर कवय मोकयं करतस?" आईनं त्याला भाकरी दिली.

आठव्या दिवशी नानांकडे एकच रोगी आला. ती पावरा बाई होती आणि तिच्या कडेवर तीच पोरगी होती, लंगडी झालेली. पोरीला ताप होता. पाय कशानं गेला हे त्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी डॉक्टर म्हणजे नाना. तिनं पोरगी त्यांच्यापुढे उतरवली. पोरगी एका पायावर भार देऊन उभी राहिली आणि नानांनी तिच्या पायाकडे बघितलं, बराच वेळ. मग त्यांनी आत बोट दाखवलं. "तिकडे जा. त्यांचा हात चांगला आहे." बाई आत जाईना. त्यांनी उठून तिला स्वतः दारातून आत लोटलं.

ते घरात आले. मी तांदूळ निवडत होते. आई चुलीपाशी होती. नाना म्हणाले, "सुमन, दगाबाबांकडे जा. म्हणावं, माझी यंदाची सुपारी राहिली आहे. तेवढी द्या."

मी गेले असते, तर दगाबाबांनी काय केलं असतं? कदाचित लाजून दिलीही असती एक. किंवा ओसरीवरचे सगळे हसले असते. किंवा मी नदीवर जाऊन बसले असते, वाण्याकडून एक सुपारी आणून नानांना दिली असती आणि त्यांनी ती कपाळाला लावली असती. या तिन्ही गोष्टी मी गेली साठ वर्षं मनात करत आले आहे. त्या दिवशी मात्र मी तांदळातून मान वर केली आणि त्या घरात बंदी असलेल्या भाषेत, अगदी सावकाश, म्हणाले, "नाना, ती सालदारनी सुपारी शे. ठेवना व्हयना तं देतस. तुम्हनं साल सरनं."

त्यांना लगेच कळलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तेवीस वर्षं ज्या गावात राहिले त्या गावातले सगळे सालदार त्यांच्या डोळ्यांपुढून एकदम गेले असावेत. त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"पाच वर्षांपासून."

"आणि तुला?" हे आईला.

आई वळली नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "पहिल्याच अखाजीला कळलं मला. जेवणाऱ्याला कशाला सांगायचं, ताट कुणाचं आहे ते." मग ती माझ्याकडे वळली. "तेवीस वर्षं मी झाकून ठेवलं होतं. तू एका वाक्यात उघडलंस. बापाची जीभ आली आहे तुला, बाई. त्यांचे हात जातील, तुझी जीभ जाणार नाही."

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गाडी दगाबाबांची आणि हाकायला हिरामण. निरोपाला ओट्यावर कुणी आलं नाही. सालदार जाताना कुणी येत नसतं. नव्या डॉक्टरनं मात्र दारातून हात जोडले आणि दाराला पडदा लावून घेतला. शहाद्याची अर्धी वाट सरली. मग हिरामण बैलांच्या पाठीकडे बघत म्हणाला, "मन्हं साल तीनदाव सुटनं, बाबा. पहिलांदाव लागस. मंग नही लागत." त्याला धीर द्यायचा होता. बरोबरीच्या माणसाला देतात तसा तो धीर होता, आणि नानांनी डोळे मिटून घेतले. काळा कोट त्यांच्या मांडीवर घडी करून ठेवलेला होता. बरणी आईच्या मांडीवर होती.

गावाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नानांच्या हातून तिसरं पोर कायमचं गेलं असतं. त्यांना थांबवायलाच हवं होतं. पण तोंडावर सांगायला गावातला एक माणूस पुढे आला नाही, आणि आले ती मी. नवा डॉक्टर दोन वर्षांत सुरतेला निघून गेला, त्या वर्षीची सुपारी न घेताच. गाव पुन्हा पत्रं लिहीत बसलं. हे ऐकून मला बरं वाटलं होतं, तेही लिहून ठेवते.

धुळ्याला आम्ही मामाकडे दोन खोल्यांत राहिलो. नानांनी पुन्हा स्टेथोस्कोप काढला नाही. ते माझ्याशी बोलतही नसत. पाणी हवं असलं तरी आईला सांगत. वर्षानं मी मामाच्या सहीनं नर्सिंगला प्रवेश घेतला. वसतिगृहावर राहायला जायचं त्या सकाळी मी ट्रंक उचलून नानांच्या पाया पडले. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि मला फळीवरून बरणी काढल्याचा आवाज ऐकू आला. गावातून निघाल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. लवंगांचा वास खोलीत आला. थरथरत्या हातानं त्यांनी एक सुपारी माझ्या हातावर ठेवली, माझी बोटं तिच्यावर मिटवली, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी अहिराणीत बोलले.

"धर," ते म्हणाले. "तुन्हं साल लागनं."